बिनवेल्डची तोटी

घरी बिअर करणारे लोक ज्याला ‘केटल’ म्हणतात, ते प्रत्यक्षात लग्नातल्या मसालेभाताचं पातेलं असतं. माझं पन्नास लिटरचं आहे. अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात एका टोंगन बाईकडून घेतलं. तिच्या चर्चच्या स्वयंपाकघरातलं होतं म्हणे. बूड जाड, पण कडेचा पत्रा पातळ, आणि तोटी नाही. तोटी बसवायची तर पत्र्याला भोक पाडावं लागतं, आणि मग दोन रस्ते उरतात: तोटीचा सांधा वेल्ड करून कायमचा पक्का करायचा, नाहीतर रबरी रिंग, वॉशर आणि नट यांच्या जोरावर नुसता आवळून बसवायचा. यातला चुकीचा रस्ता मी निवडला आणि त्यापायी, या गल्लीत ज्याच्याशी मला बोलता यायचं त्या एकमेव माणसाचं एक वर्ष घालवलं. पातेल्याचं काही विशेष नाही. त्या वर्षाचं मात्र मला अजून वाईट वाटतं.

बिअरचा नाद मला एकटेपणामुळे लागला. सासूबाईंचं एक अंग लुळं पडलं म्हणून बायको सहा महिन्यांसाठी सांगलीला गेली. सहाचे बारा झाले, बाराचे चोवीस. मुलगी वेलिंग्टनला नोकरीला. हिल्सबरोमधल्या या तीन बेडरूमच्या घरात मी, माझा लॅपटॉप आणि आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम. दिवसभरातलं माझं बोलणं म्हणजे मीटिंगमध्ये ‘यू आर ऑन म्यूट’ असं दुसऱ्याला सांगणं. सुरुवातीला मराठी मंडळींकडे जायचो. तिथे एकट्या पुरुषाला फार प्रेमाने वागवतात. निघताना आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भाजी भरून देतात. पण डबा हातात देताना प्रत्येक जण विचारतो, वहिनी कधी येणार? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी जाणंच सोडलं.

बिअर करायला एक अख्खा शनिवार लागतो. मला ती तेवढ्याचसाठी आवडली. सकाळी पाणी तापवायचं, त्यात भरडलेले सातू तासभर भिजवायचे, ते गोड पाणी गाळून घ्यायचं, मग तासभर रटरटा उकळायचं, हॉप्सची कडू फुलं टाकायची, गार करायचं, पिंपात भरायचं, आणि मग सगळी भांडी घासायची. संध्याकाळचे पाच कधी वाजले कळत नाही. बिअर मला फारशी आवडत नाही हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

घराच्या डाव्या बाजूला, छातीएवढ्या लाकडी कुंपणापलीकडे, चौऱ्याहत्तर वर्षांचा एक गोरा गृहस्थ एकटाच राहायचा. बायको वारलेली, मुलगी खाली नेल्सनला. त्याने आयुष्यभर वेल्डिंग केलं होतं, तेही दुधाच्या कारखान्यांतल्या स्टेनलेस पाइपांचं. दुधाच्या पाइपात सांध्यापाशी सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी तिथे दूध अडकतं आणि नासतं, म्हणून आतून बोट फिरवलं तरी सांधा हाताला लागता कामा नये, असं तो सांगायचा. हे सांगताना तर्जनी हवेत अशी फिरवायचा की आपल्याला पाइप दिसावा. निवृत्त झाल्यावरही त्याच्या गॅरेजमध्ये वेल्डिंगचं मशीन होतं, शेजारी आरगॉन वायूचा सिलिंडर, दोन्ही लख्ख पुसलेले.

पहिल्या वेळी तो वासाने आला. सातूचं पाणी उकळत होतं आणि कुंपणावर एक पांढरं डोकं दिसलं. “किया ओरा,” असा इकडचा माओरी नमस्कार केला, आणि काय शिजतंय म्हणून विचारलं. तीन आठवड्यांनी मी त्याला दोन बाटल्या दिल्या. बिअर भांडी विसळलेल्या पाण्यासारखी झाली होती. त्याने एक घोट घेतला, विचार केला आणि याहून वाईट प्यायलोय असं सांगितलं. किवी माणसाकडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नाही, हे मला ऑफिसमुळे ठाऊक होतं.

पुढे दर दुसऱ्या शनिवारी तो घडीची खुर्ची घेऊन यायचा. माझ्या इकडे नाही, कुंपणाच्या त्याच्या बाजूला मांडायचा. मी पातेलं कुंपणाजवळ सरकवायचो. मग तो दुधाचे कारखाने सांगायचा आणि मी ढवळायचो. मध्येच सासूबाईंची चौकशी करायचा: म्हातारीने हात हलवला का, बोलायला लागली का. त्या न पाहिलेल्या बाईची प्रगती तो नीट लक्षात ठेवायचा. आणि माझी बायको कधी परत येणार, हे त्याने एकदाही विचारलं नाही. मला तो फार आवडायचा. हे वाक्य मी तेव्हा मनात तरी म्हणायला हवं होतं.

दिवाळीत मी त्याला जेवायला बोलावलं. पुऱ्या मीच लाटल्या, श्रीखंडही घरचं. सहा पुऱ्या झाल्यावर तो पोटावर हात ठेवून म्हणाला की पुरे, खूप झालं. मी आणखी दोन वाढल्या. त्याने नको म्हटलं. मी श्रीखंड वाढलं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निमूटपणे सगळं खाल्लं. मी धन्य झालो. आमच्या सांगलीकडे पहिल्या ‘नको’ला कुणी नकार समजत नाही. तो सभ्यपणाचा असतो. पानावर दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून जिलबी सरकवणारी माणसं आमच्या घरात होऊन गेली. पुण्यात नोकरीला लागल्यावर ही सवय थोडी कमी झाली, पण ती रक्तातून जात नाही.

त्यानंतर मार्चमध्ये, इकडच्या उन्हाळ्याच्या शेवटाला, मी मनगट भाजून घेतलं. पातेल्याला तोटी नसल्यामुळे मी उकळतं पाणी तांब्याने दुसऱ्या भांड्यात गार करायला ओतायचो. तांब्या निसटला. शेजाऱ्याने कुंपणावरून नळी पुढे केली आणि पाच मिनिटं माझ्या हातावर गार पाणी धरलं. नळी बंद केल्यावर त्याने पातेल्याकडे पाहिलं, पत्रा बोटाने वाजवला आणि म्हणाला, “तोटी बसवायला स्टेनलेसचं कपलिंग आण. मी वेल्ड करून देतो. तासाभराचं काम आहे.”

मी म्हणालो, “नको नको, तुम्हाला कशाला उगाच त्रास.”

इंग्रजीत म्हणालो, पण वाक्य अस्सल सांगलीचं होतं. आता त्याने म्हणायचं असतं की छे, त्रास कसला. मग मी म्हणायचं, अहो पण तुमचा वेळ. मग त्याने रागावायचं. मग मी पातेलं उचलून त्याच्या गॅरेजमध्ये न्यायचं आणि ते आणायला जाताना चिवडा न्यायचा. एवढा सगळा खेळ माझ्या डोक्यात तयार होता.

“स्वीट ॲज,” तो म्हणाला. म्हणजे ठीक आहे, तुझी मर्जी. आणि नळी गुंडाळायला लागला.

मी वाट पाहिली. पुढच्या शनिवारी पातेलं मुद्दाम अगदी कुंपणाला खेटून ठेवलं. तोटी नसल्यामुळे किती हाल होतात हे दोनदा बोलून दाखवलं. तो हं म्हणाला. त्याच्या पुढच्या वेळी मनगटावरची पट्टीही दाखवली. त्याने जखम भरत आलीय असं सांगितलं आणि सासूबाईंची चौकशी केली. तोटीचा विषय त्याच्या बाजूने संपला होता. आणि मला राग आला. म्हणजे नुसतं तोंडदेखलं विचारलं होतं तर! मी मनात त्याच्यावर ठपका ठेवला आणि दार लावून घेतलं. माझा स्वभाव असा आहे. मी भांडत नाही, मागे सरकतो, आणि समोरच्याला ते कळलंय असं गृहीत धरतो.

मग मी माझ्या पद्धतीने शोध सुरू केला. मी सॉफ्टवेअरच्या चाचण्या करणारा माणूस, त्यामुळे एक्सेलमध्ये तक्ता केला. वेल्ड केलेला सांधा: गळत नाही, आत मळ साठत नाही, कायमचा टिकतो, पण पातळ पत्र्याला कसबी हात लागतो. आवळून बसवलेला सांधा: घरी बसतो, खोलून धुता येतो, बिघडला तर बदलता येतो, पण रिंग झिजते, आणि दर वेळी खोलून धुतला नाही तर आत गोड पाणी सडतं. इंटरनेटवर यावरून लोक अशा हमरीतुमरीवर आलेले असतात की भाऊबंदकीचे दावे बरे. मी तीन आठवडे ते वाचत बसलो. शेवटी बिनवेल्डच्या रकान्यात एक मुद्दा वाढवला: उद्या सगळं आवरून भारतात परत गेलो तर तोटी काढून टाकता येईल. तोटी काढल्यावर पत्र्यात भोक राहील, त्याचा रकाना केला नाही. तक्त्यात आणखी एक गोष्ट नव्हती. मला कुणापुढे दुसऱ्यांदा हात पसरायचा नव्हता. खरं कारण तेवढंच होतं.

सामान आलं. एका शुक्रवारी सुट्टी घेऊन, शेजारी डॉक्टरकडे गेलाय हे पाहून, मी ड्रिल चालवलं. पातळ पत्रा ड्रिलखाली थरथरतो. भोक गोल व्हायच्या ऐवजी जरासं अंडाकृती झालं. कानस मारून कडेची धार घालवली, रिंग बसवली, वॉशर, नट, दोन पाने घेऊन दात-ओठ खाऊन आवळलं. पातेलं काठोकाठ भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एक थेंब नाही. मी तोटीचा फोटो बायकोला पाठवला. तिने अंगठा पाठवला.

गार पाण्याने काही कळत नाही. शनिवारी उकळी फुटली, पत्रा तापून फुगला, आणि नटाखालून पहिला थेंब निघाला. तो गॅसच्या शेगडीवर पडला आणि चर्र झालं. मग दुसरा. गोड पाणी जळलं की गूळ करपल्याचा वास येतो. नट आणखी आवळला तर पत्रा दबून जास्तच गळायला लागलं. रिंग बदलली, पांढरी टेप गुंडाळली, वॉशर दुप्पट केले. कधी वीस थेंब कमी, कधी वीस जास्त. शेवटी मी तोटीखाली एक स्टीलची वाटी टांगली आणि ती भरली की ओतून परत टांगायचो.

ते पाहायला शेजारी नको होता. म्हणून शेगडी उचलून गॅरेजमध्ये नेली आणि दार अर्धवट ओढून घेतलं. तोटी मीच बसवलीय आणि आत आलोय ते वाऱ्यामुळे, असं त्याला सांगितलं. दोन-तीन शनिवार त्याने खुर्ची मांडलेली मला फटीतून दिसली. मग मांडणं बंद झालं. कधी कचऱ्याचा डबा बाहेर काढताना भेट व्हायची. नवी तोटी कशी आहे, त्याने विचारलं. मी म्हणालो, गुड, गुड. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो, व्हेरी गुड. बाटल्या मात्र मी नेमाने देत होतो. पूर्वी तो रिकाम्या बाटल्या हातात आणून द्यायचा आणि दहा मिनिटं उभा राहायचा. इकडच्या जून-जुलैच्या हिवाळ्यापासून त्या एका कापडी पिशवीत कुंपणाच्या खिळ्याला अडकवलेल्या दिसायला लागल्या. मी म्हटलं, ठीक आहे, यालाही आता संबंध नको आहेत. त्या दिवाळीला मी त्याला बोलावलं नाही. मीही दिवाळी केली नाही. बाजारातून आणलेला फराळ उभ्यानेच खाल्ला.

बायकोला फोनवर एकदा हे सगळं सांगितलं. तिच्या मागे सासूबाईंचा कुशीवर वळवतानाचा कण्हण्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, अहो, मग जाऊन सांगा ना त्यांना की करून द्या. मी म्हटलं, मी का सांगू, त्याला द्यायचं असतं तर परत विचारलं असतं.  ती म्हणाली की आईला आता औषध द्यायचंय.

ईस्टरला मुलगी चार दिवस आली. ती माझ्याबरोबर गॅरेजमध्ये उभी राहिली, वाटी भरताना पाहिली, आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मी तिला पहिल्यापासून सांगितलं: दिवाळीतल्या आग्रहाच्या पुऱ्या, भाजलेला हात, त्याचं विचारणं, माझं वाट पाहणं, त्याचा तोंडदेखलेपणा. माझी बाजू भक्कम आहे असं मला वाटत होतं. तिला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते.

“बाबा, ही आस्क्ड. यू सेड नो,” ती म्हणाली. “दॅट्स ऑल दॅट हॅपन्ड.”

मी म्हटलं, पण ते तसं ‘नको’ नव्हतं. ती म्हणाली की ते त्याला कसं कळणार, त्याला तर वाटलं असेल की याला माझं काम पसंत नाही. मग म्हणाली की दिवाळीत त्याने नको म्हटलं तर तुला ऐकू आलं नाही, आणि तू नको म्हटलंस ते मात्र त्याने खोटं समजावं. ती चिडली नव्हती. वाटी ओतून तिने परत टांगली आणि आत गेली. मला त्या क्षणी जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

तिला विमानतळावर सोडून आलो आणि तसाच शेजारी गेलो. बरोबर चिवडा नव्हता, बाटल्या नव्हत्या. त्याने दार उघडलं तेव्हा पॅसेजमध्ये खोकी रचलेली दिसली. गॅरेजचं आतलं दार सताड उघडं होतं आणि आत फक्त जमीन होती. मशीन जिथे असायचं तिथे सिमेंटवर एक फिकट चौकोन, सिलिंडरच्या जागी गोल. मी ठरवलेलं वाक्य तरीही बोलून टाकलं: माझ्या पातेल्याला कपलिंग वेल्ड करून द्याल का?

तो हसला आणि मला स्वयंपाकघरात बसवलं. चहाचा मग त्याने दोन्ही हातांनी धरला होता, आणि तरी चहा कडेला येऊन आदळत होता. मग मला तो कापडी पिशवीचा हिवाळा समजला. बाटल्या हातात वाजतात म्हणून तो त्या द्यायला येत नव्हता.

त्याने सगळं सरळ सांगितलं, दुधाचे कारखाने सांगायचा त्याच आवाजात. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटाला डॉक्टरने सांगितलं होतं की कंप वाढत जाणार. तेव्हा अजून सकाळचे दोन-तीन तास हात बरे असायचे. मशीन विकायच्या आधी एक शेवटचं काम करावं असं त्याच्या मनात होतं, चांगल्या स्टेनलेसवर, स्वतःच्या समाधानासाठी. आणि कुंपणापलीकडे ते पातेलं दिसलं.

“मी तुझ्यावर उपकार करत नव्हतो, मेट,” तो म्हणाला. “मला ते काम हवं होतं.”

 वर्षभर ज्याला मी त्याचा तोंडदेखलेपणा म्हणत होतो, ती त्याची मागणी होती, आणि मी ती एका सवयीच्या वाक्याने उडवून लावली होती. माझे डोळे भरले आणि मी ते लपवले नाहीत. मी म्हटलं की अजूनही करा, मशीन भाड्याने आणतो, सकाळी लवकर करू, जसं होईल तसं होऊ दे, मला चालेल.

त्याने मान हलवली. “ते गळेल,” तो म्हणाला. “आणि तू मला सांगशील, गुड, गुड.”

मी मान खाली घातली. तो म्हणाला की दर दुसऱ्या शनिवारी कुंपणावरून जळलेल्या साखरेचा वास येतो, आणि दुधाच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेल्या नाकाला तो ओळखू येतो. पहिल्याच शनिवारी त्याला कळलं होतं. मी सांगेन म्हणून त्याने दोनदा विचारूनही पाहिलं होतं. मी गुड म्हटल्यावर त्याने ते खरं मानायचं ठरवलं.

“गळतंय,” मी म्हणालो. “पहिल्या दिवसापासून गळतंय.”

“कुठून?” त्याने लगेच विचारलं. “नटाखालून की आट्यांमधून?”

मग मी त्याला सगळं सांगितलं. अंडाकृती भोक, थरथरणारा पत्रा, दुप्पट वॉशर, टांगलेली वाटी. त्याने रिंग आतून लावलीस की बाहेरून, असं विचारलं, आणि मी बाहेरून म्हटल्यावर डोळे मिटून मान डोलावली. त्याने तर्जनीने हवेत सांधा काढून दाखवायचा प्रयत्न केला, बोट ठरेना, तेव्हा माझं बोट धरून टेबलावर काढला. आम्ही दीड तास बोललो. वर्षभरात आम्ही मिळून एवढं बोललो नव्हतो. तो गुरुवारी मुलीकडे नेल्सनला कायमचा जाणार होता.